उद्यानातून आणलेला वरवंटा

ही हकिकत खरी आहे.

खोटी असती तर मी ती रात्री घडवली असती. अमावास्या घातली असती, लांब कुठे एखादं कुत्रं रडवलं असतं. पण ही घडली कलकत्त्यात, भर दुपारी, जेवणं उरकून माणसं पंख्याखाली आडवी होतात त्या वेळी. दुपारच्या भुताला कुणी मान देत नाही. मीही देत नव्हतो.

आता देतो.

साल छपन्न. जागा म्हणजे काळीघाटामागची एक गल्ली, आदिगंगेपासून हाकेच्या अंतरावर. आदिगंगा म्हणजे भरतीला नदी आणि ओहोटीला गटार. त्या गल्लीत, एका घराच्या पहिल्या मजल्यावर, माझी धाकटी मावशी श्यामला आणि तिचे यजमान दिगंबर आठल्ये राहत.

दिगंबरकाका खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये अधिकारी. परदेशातून उतरलेल्या माणसाच्या ट्रंकेत तळाशी काय आहे, ते झाकण न उघडता ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण ख्याती ती ख्याती.

मावशीला मूल नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं लोटली होती की बायकांनी विचारायचंसुद्धा सोडलं होतं. बारशाचं आमंत्रण मात्र तिला सगळ्यांच्या शेवटी जायचं, आणि ते देताना आवाज खाली यायचा.

आदल्या वर्षी दोघं आफ्रिकेला जाऊन आली. माझा रघुनाथमामा नैरोबीला रेल्वेत होता, त्याने बोलावलं. मुंबईहून बोटीने मोंबासा, तिथून आगगाडी, आणि पुढे मामाच्या मोटारीतून एक राष्ट्रीय उद्यान. त्या उद्यानाचं नाव मी सांगत नाही. लोक अजून तिथे हौसेने जातात.

परत आल्यावर काकांनी कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत व्याख्यान दिलं. विषय, ‘आफ्रिकेतील वन्य पशू व त्यांचे संरक्षण’. सोबत मॅजिक लँटर्नवर चित्रं. हत्ती आले, पाणघोडे आले, एक सिंह आला पण उलटा आला.

मग काकांनी इतिहास सांगितला. पूर्वी तिथे साहेब लोक शिकारीला जात. इतकी शिकार केली की शिकारीला जनावर उरेना. तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की जनावरं वाचवली पाहिजेत. मग ज्यांनी मारली होती त्यांच्यातलेच रक्षक नेमले. उद्यानाचे मुख्य साहेब स्वतः एके काळी हस्तिदंतासाठी हत्ती मारत हिंडलेले.

“अनुभवी माणूस,” काका म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या जागेत गावं होती. आधी झोपेच्या रोगाची माशी आली, म्हणून गावं नदीपलीकडे हलवली. पुढे माशी गेली. पण तोवर हत्ती वाढले होते, तेव्हा गावांना परत येऊ दिलं नाही.

“त्यांच्याच भल्यासाठी,” काका म्हणाले. “माणूस हलवला की सगळं नीट चालतं.”

पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “मग सियालदाच्या फलाटावर पण हत्ती आणून सोडा की साहेब.” फलाटावर तेव्हा पूर्व बंगालमधून आलेली माणसं संसार मांडून बसलेली असत. लोक हसले. काकाही हसले. त्यांना वाटलं, हत्तींवर विनोद झाला.

व्याख्यानात एक गोष्ट आली नाही.

ती मावशीच्या ट्रंकेत होती.

*

त्याचं असं झालं.

उद्यानात दुसऱ्या दिवशी मामाने मोटार एका मोठ्या झाडाजवळ थांबवली. दशम्या खायला. बरोबर उद्यानाचा एक रखवालदार दिलेला होता, बंदूकवाला. एरवी आधी तो उतरायचा, आजूबाजूला बघायचा, मग यांना उतरू द्यायचा.

इथे तो उतरला नाही.

मावशी हात धुवायला झाडामागे गेली. सगळीकडे कंबरभर गवत. हत्तींनी लोळवलेलं, तुडवलेलं. पण झाडाच्या बुंध्याशी...

स्वच्छ.

कुणी सकाळीच अंगण झाडून गेल्यासारखं.

त्या जागेत एक पसरट दगड होता. मधोमध झिजून खोलगट झालेला. आणि त्यावर आडवा, लांबट, दोन्ही टोकांना गोल आणि मधे हाताच्या पकडीने बारीक झालेला दुसरा दगड. मावशीला सांगावं लागलं नाही. पाटा आणि वरवंटा. एखादी बाई वाटता वाटता “आले हं” म्हणून उठून जावी, तसा ठेवलेला.

इथे एक सांगायला हवं. मावशीचा स्वतःचा वरवंटा पुण्याहून बदली झाली तेव्हा सामानात फुटला होता. काळीघाटच्या बाजारातले तिला पसंत पडत नव्हते. हा हलका, तो खरबरीत. चटणी मनासारखी होत नाही म्हणून ती काही वर्षं धुसफुसत होती. मूल नसलेल्या बाईला धुसफुसायला परवानगी असते अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक.

तिने तो दगड उचलून पाहिला. हाताला बसला. असा बसला की जणू तिच्याच हाताने झिजलेला.

मग तिच्या लक्षात आलं. झाडाची सावली गर्द होती. तिथे ऊन पोचतच नव्हतं.

तरी दगड... कोमट होता.

तिने तो शालीत गुंडाळला आणि कडेवर घेऊन आली. काका म्हणाले, “हे काय आता?”

“वरवंटा. चांगला आहे.”

“आफ्रिकेतून लोक काय आणतात, आणि तू दगड.”

“आणू दे रे तिला, तुला कुठे वाटायचं आहे,” मामा म्हणाला. मामा आणि काका कॉलेजातले सोबती, म्हणून अरेतुरे.

रखवालदार मावशीकडे बघत होता. मग तो मामाला स्वाहिलीत काहीतरी हळू बोलला. मामा हसला.

“काय म्हणतो?” मावशीने विचारलं.

“विचारतोय, मुलगा की मुलगी?”

मावशीही हसली. काकाही हसले.

रखवालदार तेवढा हसला नाही. तो खरंच विचारत होता.

फाटकावर मोटार तपासली. हस्तिदंत, शिंगं, कातडी, पिसं, काही बाहेर न्यायला सक्त मनाई. मावशीने केसात खोचलेलं एक पीससुद्धा काढून घेतलं. शाल उलगडून पाहिली. दगड बघितला आणि जा म्हणाले.

जनावराचं काही नव्हतं. माणसाचं होतं. ते न्यायला बंदी नव्हती.

*

कलकत्त्याला आल्यावर काही महिन्यांतच मावशीला दिवस गेले. माझी आई, म्हणजे सरला, मावशीची थोरली बहीण, म्हणाली, “आफ्रिकेची हवा लागली.” काकांनी ते मंडळात स्वतःचं म्हणून सांगितलं.

मुलगा झाला. नाव ठरलं माधव.

बारशाला आमच्याकडे काय करतात ते ठाऊक असेलच. बाळाआधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला कुंची घालतात, काजळाची तीट लावतात, बाळासारखा नटवतात. एकीने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने वरून घ्यायचा. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. का, ते कुणी नीट सांगत नाही. आई म्हणायची, जे काही यायचं असेल ते आधी दगडावर यावं म्हणून.

घरात वरवंटा एकच होता. मावशीने तो नटवला. हौसेने, इतक्या वर्षांच्या साठलेल्या हौसेने नटवला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा चुलीपाशी झिजलेल्या दगडाला कुंची घातली, तीट लावली आणि पाळण्यात निजवला.

मंडळातल्या बायका जमल्या होत्या. लीना नावाची एक कलकत्त्यातच जन्मलेली पोरसवदा सूनबाई होती, तिचं मराठी बंगालीतून गाळून यायचं. ती खालून देत होती, आई वरून घेत होती.

दोनतीनदा दिल्यावर आई थांबली.

“जड केलास का गं?”

“मी काय करणार, सरलाताई? दगड तर तोच आछे.” लीनाने दगडावर तळवा टेकवला. “गरम पण लागतो.”

“पुरे आता,” एक म्हातारी म्हणाली. “बाळ आणा.”

वरवंटा काढला. बाळ ठेवलं. नाव घेतलं, पेढे वाटले. सगळं नीट झालं. नंतर मावशी कुंची सोडवायला बसली, आणि...

कुंची ओली होती.

तोंड असायला हवं तिथे. वास घेतला. दूध.

“कुणी दूध सांडलं का यावर?”

कुणीच नाही. मावशीने कुंची धुऊन टाकली. बारशाच्या दिवशी कोण वाद घालत बसतं?

*

पहिल्यांदा ऐकू आलं ते वैशाखात.

दुपार. काका कामावर. कामवाली सकाळीच गेलेली. मावशी बाळाला घेऊन पडली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि स्वयंपाकघरातून...

घर्र.

घर्र.

घर्र.

दगडावर दगड. सावकाश, सवयीच्या हाताचं. मावशी उठली. दाराशी पोचली.

थांबलं.

आत कुणी नव्हतं. मावशी रोज पाटा धुऊन भिंतीला उभा करायची, तिच्या आईची शिस्त. आता पाटा आडवा होता. वरवंटा त्यावर तिरका. ओला.

तिला वाटलं, आपणच विसरलो. बाळंतीण बाई, झोप नाही. असं वाटायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाट्यावर काहीतरी राहिलं होतं. बोटाने घेतलं. तांबूस, मऊ पीठ. मावशीचं माहेर रत्नागिरीकडचं. तिला वास घ्यावाच लागला नाही, पण तिने घेतला.

नाचणी.

आमच्याकडे बाळाला वरचं अन्न सुरू करताना नाचणीचं सत्त्व देतात. पण मावशीच्या घरात नाचणी नव्हती. तिने बाजारात विचारलं होतं, दुकानदाराला ते काय असतं तेच कळलं नव्हतं.

ती खोलीत परत आली. बाळ जागं होतं, शांत होतं. मावशीने त्याला पाजायला घेतलं.

त्याने तोंड फिरवलं.

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात... तांबूस, ओलं.

त्या दिवसानंतर माधव तिचं दूध घेईना. रडायचा नाही. मावशीकडे बघून हात हलवायचा नाही. दाराकडे मान करून पडून राहायचा, कुणी येणार असल्यासारखा. दुपार झाली की स्वयंपाकघरातून घर्र घर्र सुरू व्हायचं, आणि बाळ पाय झाडून हसायचं.

मावशी छातीवर ओले पंचे बांधून बसायची. दूध येत होतं. घेणारा नव्हता.

तिने काकांना सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं. गोदीत खोटं बोलणाऱ्यांचं ऐकायची सवय होती.

“श्यामला, तिथे मेलं कोण?”

“म्हणजे?”

“मुख्य साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं. गाव हलवताना एक माणूस दगावला नाही. सगळे नदीपलीकडे सुखरूप आहेत. भूत व्हायला आधी मरावं लागतं. एवढा तरी नियम पाळायला नको का?”

“मग पीठ कुठून येतं?”

“तू वाटत असशील. बाळंतपणात बायका काय काय करतात.”

डॉक्टर आणला. त्याने माधवला तराजूत घातलं आणि खूश झाला. इतकं बाळसं धरलेलं मूल त्याने त्या वस्तीत पाहिलं नव्हतं. तक्रार काय, विचारू लागला. मावशी म्हणाली, माझं दूध पीत नाही. डॉक्टर म्हणाला, मग काय पितो?

मावशीने बाळाचं दुपटं सारखं केलं. तिने उत्तर दिलं असतं तर काकांनी तिला त्याच आठवड्यात हवापालटाला पाठवली असती.

तरी काका आणि डॉक्टर जिन्यात हळू बोललेच. मधुपूरला हवा चांगली असते. बाळंतिणीने थोडे दिवस लांब राहावं. मुलाचं काय, वरच्या दुधावर राहील.

“तुझ्याच भल्यासाठी,” काका आत येऊन म्हणाले.

त्या क्षणी मावशीला ते मंडळातलं व्याख्यान आठवलं. पहिल्या रांगेत बसून तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

*

खालच्या मजल्यावर पूर्व बंगालमधल्या बारिसालहून आलेलं एक कुटुंब राहायचं. त्यांची म्हातारी, सगळे तिला ठाकुमा म्हणत, जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची. एकदा तिने मावशीला थांबवलं. आपल्या हिंदी-बंगाली खिचडीत म्हणाली, “बौमा, रोज दुपारी एवढं काय वाटतेस?”

मावशीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. म्हणजे ऐकू येतं. दुसऱ्यालाही.

“मी वाटत नाही, ठाकुमा.”

म्हातारीला त्याचं काही वाटलं नाही. “हात जुना आहे,” ती म्हणाली. “तुझा नाही, ते कळतं. तुझा हात घाईचा.”

मग पदराची गाठ सोडत म्हणाली, “मी घराला कुलूप लावलं. किल्ली आणली, ही बघ. पण शिलनोडा तिथेच राहिला. पाटावरवंटा काय कुणी कमरेला बांधून पळतं? अजून दुपारी डोळा लागला की माझे हात हलतात म्हणे. सून सांगते. मी मेलेली नाही, बौमा. तरी हलतात.”

मावशी वर आली. तिने वरवंटा शालीत गुंडाळला, बाळ माझ्या आईपाशी सोडलं, आणि भरतीची वेळ साधून घाटावर गेली. हात जोडले. काय म्हणाली ते तिने कधी सांगितलं नाही. मग दगड आदिगंगेत सोडून दिला.

बुडाला. दगड बुडतात.

त्या दुपारी घरात काही वाजलं नाही.

दुसऱ्या दुपारीही नाही. मावशीने पाटा भिंतीला उभा केला, तो उभाच राहिला. तिने माधवला पदराखाली घेतलं.

त्याने तोंड फिरवलं.

बाटली दिली. नाही. चमच्याने पाणी. ओठ मिटलेले. तो रडेना. रडला असता तर बरं झालं असतं, रडणं म्हणजे काहीतरी मागणं. तो फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. बाळसं उतरायला लागलं. डोळे आत गेले. टाळू खाली बसली.

डॉक्टर आला, या वेळी खूश नव्हता. इंजेक्शन दिलं. काका कामावर गेले नाहीत. पाळण्याशेजारी उभे होते.

“काय मागतोय हा?” शेवटी ते म्हणाले.

मावशीला माहीत होतं.

आई सांगते, मावशी बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. मग उठली, तोंडावर पाणी मारलं, चप्पल न घालता जिना उतरली. आईने हाक मारली, “श्यामे, कुठे?”

“त्याच्या आईला आणते.”

आईला वाटलं, डोकं फिरलं.

ओहोटी होती. आदिगंगा तळाला गेलेली. नुसता काळा चिखल, फुटकी मडकी, फुलांचे कुजलेले हार. मावशी घाटाच्या पायऱ्या उतरून चिखलात शिरली, गुडघ्यांपर्यंत. शोधावं लागलं नाही. दगड समोर पडला होता, आणि त्याच्याभोवती...

चिखल नव्हता. झाडून काढल्यासारखी स्वच्छ, कोरडी जागा.

कोमट होता. तिने पदरात गुंडाळून छातीशी धरला. घाटावर एक फुलवाली बसली होती. चिखल चुकवत, जपून चढणाऱ्या बाईकडे बघून ती मायेने म्हणाली, “छेले ना मेये गो?”

मुलगा की मुलगी.

मावशी पायरीवर उभी राहिली. आफ्रिकेत ती हसली होती. आता तिने उत्तर दिलं, बंगालीतच.

“मुलगा.”

दोन पायऱ्या चढली. मग वळली, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, “माझा नाही.”

घरी आल्यावर तिने पाटा मांडला. त्यावर वरवंटा ठेवला. माधवला उचललं, स्वयंपाकघरात सतरंजी टाकून त्यावर निजवलं. त्याच्या टाळूवर हात ठेवला, काढला. बाहेर आली. दार ओढून घेतलं.

काका म्हणाले, “काय चालवलंय तू?”

“बसा,” ती म्हणाली. “आवाज करू नका.”

आई, काका, मावशी, तिघं पॅसेजमध्ये बसली. पंखा फिरत होता. बराच वेळ काहीच नाही...

मग घर्र.

घर्र.

काकांनी ऐकलं. आईने शपथेवर सांगितलं आहे की त्यांनी ऐकलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि थोड्या वेळाने आतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माधवचा आवाज आला.

हसत होता.

काकांनी पुढे हे कधी कबूल केलं नाही. ते म्हणत, इंजेक्शन उशिरा लागू पडलं.

*

मधुपूरला मावशी गेली नाही. जायची गरजच राहिली नाही. ती घरातल्या घरात हलली होती.

मी नंतर एकदा दुपारी तिच्याकडे गेलो. एकोणसाठ साल असावं. माधव चांगला हिंडता फिरता झाला होता. जेवणं झाली, काका पेपर तोंडावर घेऊन झोपले. मंडळाने त्यांना पुन्हा व्याख्यानाला बोलावलं होतं. नव्या बातम्या आल्या होत्या, तिकडच्या आणखी कुठल्यातरी मैदानातून गुराखी हलवणार होते, जनावरांसाठी. काकांना त्याचंही कौतुक होतं.

मावशीने सगळं आवरलं आणि स्वयंपाकघराबाहेर माझ्याशेजारी येऊन बसली. माधव आत राहिला. दार तिने ओढून घेतलं, रोज घेत असल्यासारखं.

मी काही विचारणार, तेवढ्यात...

ते मी ऐकलं. स्वतःच्या कानांनी. दगडावर दगड. सावकाश.

मावशी वाती वळत होती. तिचा हात थांबला नाही.

“रोज?” मी विचारलं.

“दुपारीच. सकाळ-संध्याकाळ मला मिळते.”

“तुला भीती नाही वाटत?”

“भीती कसली? जीव लावते त्याला. माझ्यापेक्षा...” तिने वाक्य सोडून दिलं. “बाळसं बघितलंस ना त्याचं?”

आवाज थांबला. पाणी ओतल्याचा आवाज आला. काहीतरी सरकवल्याचा. मग दार किलकिलं झालं आणि माधव बाहेर आला. ओठांभोवती तांबूस पीठ. त्याच्या डोक्यावरून मला आतलं दिसलं.

पाटा धुऊन भिंतीला उभा केलेला होता.

मावशीच्या आईच्या शिस्तीने. तीन वर्षांच्या पोराला तो पाटा तसूभर हलला नसता. आणि मावशी तर माझ्याशेजारी बसून होती.

माधवच्या मागे दार पुन्हा लागलं. त्याने मला पाहिलं, लाजला. मग मावशीकडे वळला. शेजारच्या घरी गेल्यावर पोरं बोलतात तशा, शिकवल्यासारख्या गुणी आवाजात म्हणाला,

“काकू, पाणी देता?”

मी मावशीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातली वात ताटलीत ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली. जाता जाता पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. त्याने पुसू दिलं.

तो आई कुणाला म्हणतो, हे मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. थांबली. पदर सारखा केला.

आणि दारावर हळूच टकटक केली.

दार तिने ढकललं नाही. माधव माझ्याजवळ उभा होता. काकांचं घोरणं पलीकडून ऐकू येत होतं.

दार... आतून उघडलं.